तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं? नाशिककरांनो, अनुभव सांगा

पंचवटीतलं जुनं घर सोडून पाथर्डी फाट्याला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तूरडाळ रुसली. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाला टणक लागायचा. दुकानदार बदलला, कुकरची रिंग बदलली. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, डाळ कशाला बदलतेस? पाणी बघ आधी." तेव्हा कळलं की आमच्या इमारतीत धरणाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, आणि बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? काय करून पाहिलंत? मोकळेपणाने लिहा, नव्याने घर घेणाऱ्यांना उपयोग होईल.

इंदिरानगरहून
आमचा गीझर तीन वर्षांत दोनदा गेला. दुसऱ्या वेळी मिस्त्रीने कॉइल बाहेर काढून दाखवली. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरट थर, भिंतीला चुन्याची पुटं चढावीत तसा. स्क्रू ड्रायव्हरने टकटक केलं तर पापुद्रे खाली पडले. पाणी तापलं की त्यातले क्षार वेगळे होतात आणि आधी कॉइललाच धरतात, असं त्याने समजावलं. तेव्हापासून गीझर पन्नास अंशांवरच ठेवते. शॉवरची जाळी महिन्यातून एकदा रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवते, सकाळी सगळी छिद्रं मोकळी. आंघोळीचा साबण मात्र अजूनही अंगावरून निघता निघत नाही, चिकट वाटतं.

सिडकोतून, निवृत्त शिक्षक
शाळेत 'दुष्फेन पाणी', म्हणजे साबणाला नीट फेस न येऊ देणारं जड पाणी, शिकवत आलो, घरी भोगायला मिळालं! एक गैरसमज दूर करायचा आहे. बरेच जण टीडीएस मीटर बुडवून पाणी जड की हलकं ते ठरवतात. मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे सांगत नाही. कठीणपणाची चाचणी प्रयोगशाळेतून वेगळी करून घ्यावी लागते. आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आमच्या बोअरचा आला ४८०, धरणाच्या पाण्याचा शंभराच्या आत. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून मुरणारं पाणी वाटेत क्षार घेतं. धरणात येतं ते बहुतेक डोंगरावरचं पावसाचं पाणी, त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

मखमलाबादहून
आमची द्राक्षबाग आहे. विहिरीच्या पाण्याने ड्रिपरची तोंडं बुजतात, म्हणून नळ्यांना अधूनमधून ॲसिड द्यावं लागतं. बागेतलं हे दुखणं माहीत असूनही घरात मात्र त्याच विहिरीची लाइन घेतली, याचं वाईट वाटतं. आई सगळ्या पातेल्यांचे तळ चिंच लावून घासत बसायची. आता स्वयंपाकापुरते नळाचे दोन हंडे वेगळे भरून ठेवतो.

जेल रोडहून
आमच्याकडे क्षारांचा त्रास नाही, पण पावसाळ्यात कधीकधी गढूळ पाणी येतं. सासूबाई हंड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवतात, तासाभरात गाळ खाली बसतो. वरचं पाणी गाळून उकळतो. तुरटीने फक्त गाळ बसतो, जंतू राहतात. म्हणून पाणी उकळणं सोडू नका.

गंगापूर रोडहून
आमच्या सोसायटीने सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी हलकं करणारं यंत्र, बसवला. त्यातल्या रेझिनला (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांना) ठरावीक दिवसांनी मिठाचं पाणी द्यावं लागतं, त्यामुळे मिठाच्या गोण्यांचा खर्च कायमचा. कपडे, गीझर, फरशा यांना खूप फरक पडला. पण क्षाराच्या जागी सोडियम येतं. बाबांना रक्तदाबाचा त्रास, म्हणून पिण्याची लाइन त्यातून मुद्दाम वगळून घेतली. आरओबद्दलही सांगते. धरणाचं पाणी मुळातच हलकं, त्याला आरओ लावून बादल्याच्या बादल्या मोरीत सोडणं मला पटत नाही. आम्ही साधा फिल्टर ठेवलाय.

पुन्हा पाथर्डी फाट्याहून
सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचं वाचून दोन बाटल्या भरल्या, एक थेट नळाची, एक टाकीची. दोन्हींत आंघोळीच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवल्या. नळाच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस, टाकीच्या बाटलीत नुसती दह्यासारखी पांढरी साय. त्या दोन बाटल्या घेऊनच रविवारी सोसायटीच्या मीटिंगला गेले. आजवर "बोअरचं पाणी गोडच आहे" म्हणणाऱ्यांनीही हातात धरून पाहिल्या. स्वयंपाकघराला धरणाच्या पाण्याची वेगळी टाकी आणि वेगळी लाइन द्यायचं ठरलंय. प्लंबर मोजमाप करून गेला. टँकरच्या दिवसांत ती वेगळी टाकी कशी पुरवायची, हे कुणी जमवलं असेल तर जरूर लिहा.