उंचीतून 105 वजा: बायकांचं वजन असं ठरवायचं का?

सायली_क
सोसायटीतल्या आरोग्य शिबिरात आईला सांगितलं, "उंची 142, वजा 105, म्हणजे वजन 37 हवं. तुमचं आठ किलो जास्त आहे." तेव्हापासून आई रात्रीची भाकरी सोडून नुसतं ताक पिते, आणि सकाळी चक्कर येते म्हणून ओट्याला धरून उभी राहते. वय 63.

मी बीएमआय काढला, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं. 37 किलोला 18.3 येतो, आणि 18.5 च्या खाली तर कमी वजन! आईच्या 45 किलोला 22.3, आपल्याकडे जास्त वजन 23 पासून धरतात. उलट 183 सेंमीच्या पुरुषाला 100 वजा करून 83 किलो चालतात, तिथे बीएमआय 24.8. बुटक्या बाईने उपाशी राहायचं आणि उंच पुरुषाला मोकळीक? एकोणिसाव्या शतकातल्या ब्रोका या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरची ही वजाबाकी आता तक्त्यांवरून काढा.

मकरंद_गावाकडचा
काढू नका. मी गावात आरोग्यसेवक आहे. वर्ग आणि भागाकार कुणाच्या लक्षात राहतो? 155 उंचीच्या बाईला "50" म्हटलं की ती घरी गेल्यावरही विसरत नाही, आणि त्या उंचीला उत्तर ठीकच आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत चुकलं, मान्य. पण चूक ती न तपासता सांगणाऱ्याची.

नीलिमा_पुणे
सायली, 22.3 वर निर्धास्त होऊ नकोस. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो आला होता. दोघांचाही बीएमआय नेमका 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपली माणसं दिसायला बारीक, पण चरबी पोटात साठते. म्हणून मला दोन्ही हिशोब अपुरे वाटतात. कंबर मोज. बायकांना 80 सेंमी, पुरुषांना 90, त्याच्या आत हवी.

सायली_क
शिवणाच्या टेपने आत्ताच मोजली, परकराच्या नाडीच्या वर, श्वास सोडल्यावर. 83 भरली. हे मला माहीतच नव्हतं. उद्या उपाशीपोटी साखर तपासून घेते. पण भाकरी आज रात्रीच ताटात परत येणार, आणि त्या 37 ला माझा विरोध कायम आहे.

मकरंद_गावाकडचा
नीलिमाताई, शिबिरात शंभर बायका रांगेत असतात. साडीवरून माप चुकतं आणि पुरुषाला कंबर कुणी मोजू देत नाही. उंची भिंतीवरच्या पट्टीवर मिळते.

नीलिमा_पुणे
मग टेप बाईच्याच हातात द्या. पडद्याआड जाऊन तिची ती मोजेल आणि आकडा आशाताईंना सांगेल.

मकरंद_गावाकडचा
हे जमण्यासारखं आहे. पण 105 ची वजाबाकी मी 150 च्या वरच्या बायकांना सांगतच राहणार.