केमो-रेडिएशन झाल्यावर व्यायाम कधी सुरू करायचा?

प्रश्न: आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं संपून दोन महिने झाले पण थकवा काही जात नाहीये, एक जिना चढली की बसते. सगळे म्हणतात आराम कर, वजन उचलू नको, हात सुजेल. मला वाटतं पडून राहून ती अजूनच खचत चाललीये. काय करू?

उत्तर: ताई, हा थकवा झोपून जात नाही, उलट स्नायू अजून गळतात. मी स्वतः यातून गेलेय, रोज पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली. २०१९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलेला सल्ला असाय की आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल इतपत व्यायाम आणि २ वेळा ताकदीचा. पण तिथवर हळूहळूच पोचायचं.

उत्तर: मी फिजिओ आहे. वजन उचलू नको हा सल्ला आता जुना झालाय, २००९ च्या एका मोठ्या चाचणीत लिम्फेडेमा (म्हणजे उपचारांनंतर हाताला येणारी सूज) असलेल्या बायकांनी हळूहळू वजन वाढवत नेलं तरी हाताची सूज वाढली नाही. फक्त सुरुवात देखरेखीखाली करा, अगदी हलक्या वजनाने. ताप असेल, प्लेटलेट्स कमी असतील किंवा आजार हाडात गेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचंच. आणि खांदा रोज हलवा, रेडिएशननंतर तो आखडतो.

प्रश्नकर्ती: खूप आभार, खांद्याचं कोणी सांगितलंच नव्हतं! उद्यापासून मीही तिच्यासोबत चालते.