स्वतंत्र पोर्टलचा पैसा वाचकांकडूनच यायला हवा

अनुरेघ:
सरकार गळा धरायला टपलेलं असताना ऑनलाइन पत्रकारिता टिकवायची असेल, तर पैसा वाचकांनीच द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे. जाहिरातदाराला एक फोन गेला की तो पळतो. परदेशी निधी घेतला की देशद्रोहाचा शिक्का तयारच असतो.

मलेशियाकिनी या मलेशियातल्या बातम्यांच्या पोर्टलचं उदाहरण घ्या. मलेशियात १९८४ च्या कायद्यामुळे वर्तमानपत्र छापायला सरकारी परवाना लागतो. पण परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांना बोलावण्यासाठी तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांच्या सरकारने इंटरनेटवर सेन्सॉरशिप लादणार नाही असं वचन दिलं होतं. स्टीव्हन गान आणि प्रेमेश चंद्रन यांनी १९९९ मध्ये नेमकी तीच फट गाठून हे पोर्टल सुरू केलं. २००१ मध्ये अमेरिकी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांचा पैसा घेतल्याचा आरोप करून त्यांना झोडपलं गेलं. २००२ मध्ये त्यांनी वर्गणी सुरू केली. २००३ मध्ये पोलिसांनी १९ संगणक उचलून नेले, तरी साइट बंद पडली नाही. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल ५ लाख रिंगिटचा दंड झाला, तेव्हा वाचकांनी काही तासांत ती रक्कम उभी केली. अशी ताकद कुठल्या फाउंडेशनच्या धनादेशात आहे?

दीर्घिका:
अजिबात पटलं नाही. वाचकांनी पैसे देणं हाच गुन्हा ठरवला तर?

मेदुझा या रशियन बातम्यांच्या साइटचं तेच झालं. गालिना तिमचेंको यांना लेंता.रू या रशियन बातमी साइटमधून काढल्यावर त्यांनी २०१४ मध्ये लाटव्हियातल्या रीगातून ही साइट सुरू केली. एप्रिल २०२१ मध्ये रशियाने तिला 'परदेशी एजंट' ठरवलं आणि जाहिरातदार निघून गेले. मग त्यांनी तुम्ही म्हणता तेच केलं, वाचकांसमोर हात पसरला, आणि वाचकांनी भरभरून दिलं. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियातून येणारे पैसे थांबले. जानेवारी २०२३ मध्ये संस्थाच 'अनिष्ट' ठरली. आता रशियात राहून तिला देणगी देणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकतो. तिला जगवतात ते परदेशातले देणगीदार. तुमच्या नियमाने त्यांनी दुकान बंद करायचं का?

तळघर:
मुळात मलेशियाकिनी उभी राहिली तीच बाहेरच्या मदतीवर. पहिल्या दिवशी वर्गणीदार आणणार कुठून? बातमीदारांचे पगार तर पहिल्याच महिन्यापासून द्यावे लागतात.

शिशिर_न:
धागाकर्त्याशी सहमत. फिलिपिन्समधल्या रॅपलर या बातम्यांच्या साइटकडे बघा. तिच्यात ओमिड्यार नेटवर्क या अमेरिकी संस्थेची गुंतवणूक होती. माध्यमसंस्था पूर्णपणे फिलिपिनो मालकीचीच हवी, हा तिथला घटनात्मक नियम पुढे करून जानेवारी २०१८ मध्ये रोखे आयोगाने नोंदणी रद्द केली. परदेशी पैसा नसता तर ते हत्यार सरकारच्या हाती लागलंच नसतं.

दीर्घिका:
शिशिर, दुसरं लागलं असतं. रॅपलरच्या प्रमुख मारिया रेसा यांना २०२० मध्ये दोषी ठरवलं ते सायबर बदनामीच्या खटल्यात. त्यात गुंतवणुकीचा काय संबंध? ओमिड्यारने आपले रोखे रॅपलरच्या फिलिपिनो व्यवस्थापकांना दान केले, तरीही आयोगाचा आदेश अपील न्यायालयाने रद्द करायला २०२४ उजाडलं. ज्याला मारायचंच आहे, तो हिशेबाची वही बघून मारत नाही.

ओळंबा:
पैशापेक्षा कायद्यावर बोला. मलेशियाकिनीला दंड झाला तो वाचकांच्या ५ प्रतिक्रियांसाठी. पोलिसांनी कळवल्यावर १२ मिनिटांत त्या काढल्या होत्या. तरी न्यायालयाने ६ विरुद्ध १ अशा मताने पोर्टलला दोषी धरलं, कारण पुरावा कायद्यात २०१२ मध्ये घातलेलं कलम ११४अ साइट चालवणाऱ्यालाच प्रकाशक गृहीत धरतं. त्या एका निकालाने किती लहान पोर्टल्स वाचकांची तोंडं बंद करतील, याचा विचार करा. त्यांच्यासाठी कोण ५ लाख गोळा करणार?

अनुरेघ:
दीर्घिका, मेदुझाने बंद करावं असं मी म्हणणार नाही. संपादक देशाबाहेर असतील आणि वाचकाला तुरुंगाची भीती असेल, तर बाहेरचा पैसा घ्यावाच लागेल. पण देशात राहून काम करणाऱ्यांना मी तो सल्ला देणार नाही. तिथे वर्गणीदारांची यादी हा पुरावा असतो, हे लोक आमचे आहेत याचा. ओळंबा यांचा मुद्दा गंभीर आहे. लहान पोर्टल्सनी खटल्यांसाठी सामायिक निधी उभारावा, तोही वाचकांच्याच पैशातून.

तळघर:
आणि ज्याला वर्गणी परवडत नाही त्याने सरकारी वाहिनी बघायची? ज्याच्यापर्यंत खरी बातमी पोचायला हवी तो बहुतेक वेळा पैसे भरणारा नसतो.

अनुरेघ:
म्हणूनच मलेशियाकिनी निवडणुकीच्या काळात वर्गणीचं कुलूप काढायची. भरणाऱ्यांच्या जिवावर न भरणाऱ्यांना वाचता आलं.

दीर्घिका:
निवडणुकीपुरतं. उरलेली वर्षं?