कोरियन 'फुमाशी'ला मराठीत काय म्हणाल?

सोलकढी: दक्षिण कोरियात सॉन्गनामला कोरियन स्टडीजमध्ये पीएचडी करतेय. आमचा अभ्यासगट आहे, कोरियन, उझबेक, व्हिएतनामी आणि मी एकटी मराठी. कोरियाच्या जोसॉन घराण्यातल्या राजांचे सिल्लोक, म्हणजे त्यांच्या राजवटीच्या नोंदी, वाचतो, ते सगळे हानमुनमध्ये म्हणजे अभिजात चिनीत, मुळात विरामचिन्हं नाहीत, वाक्य कुठं संपतं ते आधी भांडून ठरवायचं, एकटीनं वाचलं असतं तर कधीच पळून आले असते. व्हिएतनामी मैत्रिणीला चिनी मुळाचे शब्द आपल्याला तत्सम कळतात तसे कळतात, ती माझा उतारा तपासते, मी तिचं इंग्रजी, सॉनबे, म्हणजे आमचे सीनियर, आमच्या दोघींचं कोरियन. याला गटात 'फुमाशी' म्हणतात. मूळ शेतातला शब्द, फुम म्हणजे श्रम, आज मी तुझी भातलावणी करते उद्या तू माझी कर. दिवाळी अंकासाठी लिहितेय, मी 'इर्जिक' लिहिलं, बाबा म्हणाले साफ चूक. 'परस्पर सहकार्य' लिहिलं की पतपेढीचा अहवाल वाटतो. काय करू?

रानवाट: बाबा बरोबर. इर्जिकीत सगळे मिळून एकाचं रान नांगरून देतात, तो जेवू घालतो, विषय संपला. तुमचा तो आमच्या कोल्हापूरकडचा 'पैरा'. पैरा फेडावा लागतो! आजी म्हणायची, तिचा एक पैरा हाय माज्यावर.

जुन्नरी: आमच्यात सावड म्हणतात. डोंगरउतारावर खाचरं पाडायला पडकई, ती वेगळी.

शब्दनिष्ठ: 'श्रमविनिमय' हा नेमका शब्द असताना प्रत्येक तालुक्याची बोली कशाला? पुण्यामुंबईच्या वाचकाला पैरा कळणार आहे का?

रानवाट: त्याला फुमाशी कळणार, पैरा नाही? धन्य. श्रमविनिमय कोण कुणाला बोलतं हो, एमपीएससीच्या पेपरात सोडून?

सोलकढी: इर्जिकीच्या जवळचं तिकडे 'दुरे' आहे, अख्खं गाव ढोल-झांजा वाजवत शेतात उतरायचं. पण ते बांधील असायचं, हौसेनं नाही. आणि 'क्ये' म्हणजे चक्क आपली भिशी, दरमहा पैसे काढून पाळीपाळीनं उचलायचे. पण मला फेडण्यातला हिशेबीपणा नकोय, गेल्या हिवाळ्यात मी आजारी होते तेव्हा यांनी माझ्या नोट्स काढल्या, त्याची परतफेड कुणी मोजत नाही.

जुन्नरी: मग सावडच लिही, ताई.

आण्णा: भिशी पैशांची नव्हेच मुळात! आम्ही कॉलेजात भिशीत जेवायचो, म्हणजे मेसमध्ये.

शब्दनिष्ठ: 'वीस'वरून आलाय तो, वीस जणांचा गट.

आण्णा: आमच्या भिशीत तेराच जण होते.

रानवाट: आणि आमच्या बायकांच्या भिशीत दहा. वीस कुठनं आणले?