मदत हवी आहे: ओल्या कचऱ्याच्या बादलीवरची चिलटं

कोथरूडला गॅलरीत कंपोस्टची बादली ठेवलीय. पपईची सालं पडली की संध्याकाळपर्यंत काठावर चिलटंच चिलटं. नराच्या अंगातलं सिस-व्हॅक्सेनिल अ‍ॅसिटेट हे गंधद्रव्य मिलनाच्या वेळी मादीकडे जातं, ती अंडी घालते तिथे ते सोडते, आणि आंबूस वासाच्या जोडीने ते नर-माद्या दोघांनाही खेचतं. म्हणजे एकीने जागा पसंत केली की बाकीच्यांना आवतणच! नर्सरीत मिथाइल युजेनॉलचा सापळा दाखवतात, पण तो आंबा-पेरूवरच्या फळमाशीच्या नरांसाठी. चिलटांना त्याचं काय?

व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकून कोणी सापळा केलाय का? बादली नुसती धुऊन हा वास जातो, की उन्हात वाळवायलाच हवी? वर कोकोपीटचा थर किती जाड द्यावा? फवारणी नको, घरात रांगतं बाळ आहे.