गुळाच्या हिशेबात अडकलेली २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे हातानं कसं पटवायचं?

दिवाणजी_मार्केटयार्ड: मी कोल्हापुरात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो. पाडव्याच्या सौद्यापासूनची उलाढाल परवा कॉम्प्युटरवर २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर येऊन थांबली. नंतर तीन गाड्यांच्या पट्ट्या चढवल्या, आकडा जागचा हलेना. वहीतली बेरीज जास्त येते, आणि माझा भरवसा वहीवर. घरी सांगितलं तर दहावीतली लेक म्हणाली, "पप्पा, मधला टिंब काढा, ही मूळ संख्या आहे." कशावरून, तर मोबाईलवर बघितलं. मला ते स्वतः ताडून बघायचंय. १०१पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं, दरवेळी बाकी उरते. कुठवर जाऊ? आणि नेमका हाच आकडा का?

राजारामपुरी_कोडवाला: तुमचा प्रोग्रॅम रक्कम पैशांत साठवतो. जागा ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांची, त्यातलं एक अधिक-उणे चिन्हासाठी. उरलेल्या ३१ घरांत सगळीकडे १ भरला की २^३१ − १, म्हणजे तुमचाच आकडा, पुढं जागाच नाही. प्रोग्रॅम देणाऱ्याकडून ६४ बिट करून घ्या, तोवर वहीच खरी.

जुना_गणितमास्तर: दिवाणजी, वर्गमूळ ४६,३४०च्या थोडं पुढं आहे, तिथवर गेलात की पुरे. पण सगळ्यांनी भागू नका. २^११ − १ बघा: २०४७ = २३ × ८९. दोन्ही भाजकांना ११नं भागलं तर बाकी १, आणि ८नं भागलं तर ७ किंवा १. हा योगायोग नाही. घात विषम मूळ संख्या असला की प्रत्येक भाजक असाच असावा लागतो. ३१साठी दोन्ही अटी जुळवल्या की २४८नं भागून १ किंवा ६३ बाकी देणारेच उमेदवार उरतात, म्हणजे जेमतेम पावणेचारशे. गणितज्ञ ऑयलरनं १७७२मध्ये याच वाटेनं ही संख्या मूळ ठरवली, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा. पुढं कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीत नव्हती.

आणि ६४ बिटांची मर्यादा २^६३ − १. ती मूळ नाही. ६३ला ३नं भाग जातो, म्हणून तिला २^३ − १, म्हणजे ७नं जातो.

दिवाणजी_मार्केटयार्ड: मास्तर, रात्री बसलोच. ३११ला बाकी ३५, १३०३ला २२६. लेकीनं माझी जुनी वही घेतलीय, डावीकडं भाजक, उजवीकडं बाकी. ती विचारतेय, ७४५ला मुळात ५नंच भाग जातो, मग असले वगळले तर चालतील ना?

जुना_गणितमास्तर: चालतील की. ७४५नं भाग गेला असता तर ५नं आधीच गेला असता, आणि शेवटी ७ बघून ५ तर तुम्ही पहिल्याच दिवशी सोडला असणार. तिला म्हणावं, बरोबर धरलंस.