मदत हवी आहे : दुसरा खर्डा खरोखर दुसरा कसा व्हावा?

दहावीला मराठी कुमारभारती शिकवते. उपयोजित लेखनाला 80 पैकी 24 गुण, त्यामुळे सराव भरपूर होतो. एक विद्यार्थिनी जूनमध्ये गाईडमधली सुभाषितं उतरवायची. आता आत्मकथनात स्वतः पाहिलेलं लिहिते, आणि फार छान लिहिते! पण पुनर्लेखन सांगितलं की फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारते. मांडणी, परिच्छेदांचा क्रम जसाच्या तसा.

लाल खुणा बंद करून समासात प्रश्न लिहिले, मोठ्याने वाचायला लावलं, जुने खर्डे शेजारी ठेवून दाखवले. फरक जेमतेम. वर्ग मोठा, तास पस्तीस मिनिटांचा, मोबाइलला परवानगी नाही. नमुना निबंध मला द्यायचा नाही, तिची भाषा हरवेल.

शुद्धलेखनापलीकडे जाऊन मजकूर पुन्हा रचायला लावणारा, वर्गात जमेल असा कोणता उपक्रम तुमच्याकडे चालला?